दादाच्या वाळूतलं पोवळं

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दादा दीपगृहावर नोकरीला लागला आणि आमच्या नागपूरच्या घरात समुद्र आला, तोही फक्त पत्रांतून. त्याच्या बेटावर पोचायला रेल्वे, बोट आणि नशीब, तिन्ही लागत. तीन वर्षं त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मला त्याची इतकी आठवण यायची की शेवटी त्याचाच राग यायचा.

पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींनी आईला सांगितलं, पोवळं घाला, मुलगा घरी येईल. दुकानातलं घ्यायला ती तयार नव्हती. पोराच्या बेटाभोवती पोवळ्याचेच खडक असताना विकतचं कशाला, असं तिचं म्हणणं. तिथलं पोवळं पांढरं नाहीतर तपकिरी असतं, लाल नसतं, हे दादानं दोनदा लिहून कळवलं. आई बधली नाही.

मग एका सोबत्याच्या हाती त्यानं माझ्यासाठी पुडी पाठवली. समुद्राची वाळू पाहायचा हट्ट मीच धरला होता. पुडी ताटात ओतली, तर पांढऱ्या चुऱ्यात हरभऱ्याएवढा लाल, गुळगुळीत दाणा. आईनं तो झडप घालून उचलला.

दुसऱ्या दिवशी इतवारीतल्या सोनारानं तापलेली सुई त्याला टेकवली. कंगवा जळाल्यासारखा वास आला.

"बाई, हे पोवळं नोहे. प्लास्टिक आहे."

मी तिथेच हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. आई दाण्याकडे बघत राहिली.

"अंगठीत बसवून द्या तुम्ही," एवढंच म्हणाली.

पुढच्या वर्षी दादा आठ दिवसांसाठी आला. जेवताना त्याचं लक्ष आईच्या अंगठीकडे गेलं आणि तो ओशाळून सांगू लागला. बेटावर साधं दुकान नाही, पण भरती कुठल्याकुठल्या चपला, डबे, झाकणं आणून टाकते. लाटा त्यांचा चुरा करतात आणि तो पोवळ्याच्या भोकाभोकांत जाऊन बसतो. वाळू भरताना त्यानं असले दाणे वेचून काढले होते, एक राहून गेला.

"सोनारानं सांगतलं होतं मले," आई म्हणाली.

"मंग काहून घालून राहिली वं आई?"

आईनं त्याच्या ताटात भाकर वाढली. "तुया पायाखाली होतं ते. तू नाही आला, ते तं आलं."

दादा मान खाली घालून भाकर मोडत बसला. परवाच्या गाडीचं तिकीट त्याच्या खिशात होतं.