खोटं ठरवलेलं पत्र

ती तक्रार आजही आठवते. मी तेव्हा जालन्यात फौजदार होते. सकाळची हजेरी चालू असताना डाळमिल मालकांच्या संघटनेचा अध्यक्ष ठाण्यात आला. सरकार तुरीच्या साठ्यावर मर्यादा आणणार, असं पत्र मोबाइलवर फिरत होतं. मर्यादा आली की व्यापाऱ्याला जादा माल काढावा लागतो आणि भाव पडतो. नुसत्या पत्रानेच मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, भाव पडला होता.

"पत्र खोटं आहे मॅडम. सरकारची बदनामी आहे," तो म्हणाला.

आदल्याच आठवड्यात तो संघटनेचं शिष्टमंडळ घेऊन दिल्लीला जाऊन आला होता. त्याला माहीत असणार, असं ठाण्यातल्या मोठ्या साहेबांनी धरलं. मीही धरलं. गुन्हा नोंदवला आणि माझ्या सहीने सूचना काढली : पत्र बनावट आहे, विश्वास ठेवू नये. दुपारच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, भाव परत चढला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एक हमाल म्हणाला, "बाई, तुम्ही कागद काढला अन् आमची कंबर मोडली. कालपासून शेटची तूर निघून राह्यली. गोदामात आता उंदराला पण काही न्हाई."

"कोणता शेट?"

"तुमच्याकडं रडत आल्ता, तोच."

पत्र आधी कोणी पाठवलं, ते शोधत मागे गेलो तर अध्यक्षाच्याच मुनीमाचा नंबर निघाला. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं त्याच पेढीवर. दोन तास विचारत राहिले. खोटं बोलणारा फार बोलतो. हा नुसता पाणी मागत होता.

"शेटला तुमचं नाव सांगितलं," मी म्हणाले. "म्हणाला, उचला त्याला."

"असं म्हणले?"

"असंच."

मग तो बोलला. "शेटला फोनमधलं काही जमत न्हाई, ताई. त्यांचा फोन मीच चालवतो. दिल्लीवरून आले तवापासून पत्र त्यात होतं. कुंभार पिंपळगावला बहिणीच्या घरी तूर पडून हाय. तिला पाठवलं, म्हणलं जल्दी विकून टाक. तिनं गावभर केलं."

तिसऱ्या दिवशी सरकारचा आदेश आला. त्या पत्रात आणि त्यात एका अक्षराचा फरक नव्हता.

अध्यक्ष लगेच हजर. "तक्रार मागं घेतो. गैरसमज झाला."

"पत्र खोटं आहे, असं तुम्ही सही करून दिलंय."

"तुम्ही पण दिलंय मॅडम," तो म्हणाला आणि चहा संपवून गेला.

आदेश निघण्याआधी त्याच्या फोनमध्ये कसा आला, असा अहवाल मी वर पाठवला. हा विषय ठाण्याच्या कक्षेबाहेरचा आहे, असं उत्तर आलं. गुन्हा बंद झाला. मुनीम सुटला, पण नोकरी गेली. दुसऱ्या कोणी पेढीवर घेतलं नाही.

सुटला त्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, "बहिणीची तूर तरी विकली का?"

"टेम्पोत भरली होती, ताई. तुमची सूचना आली अन् दाजींनी उतरवून घेतली."

ती तूर पुढे पडत्या भावात गेली. संघटनेची माणसं सरकारकडे काय मागायला जातात, ते आम्हाला ठाऊक असायचं. परत येताना काय घेऊन येतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर मोंढ्यातली कोणतीही तक्रार आली की लिहून घेण्याआधी मी फिर्यादीला एकच विचारत असे : तुमचा माल विकून झाला का?