पाठीला लागलेली माती

जवळ सरक गं अशी. एका हातात फोन अन् दुसऱ्या हातात माझं लिहिणं, असं कुठं असतं का! ठेव तो बाजूला. आज भवानी पेठेतून येताना मुलींच्या तालमीपाशी पाय थबकले. लाल माती उकरून तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू कालवणं चाललं होतं. तो आंबूस, ओलसर, उबदार वास नाकात शिरला आणि मी भररस्त्यात सासरच्या जत्रेत जाऊन उभी राहिले. मागून रिक्षावाला ओरडतोय, तरी मी हलेना.

सासर माझं मंद्रूपच्या बाजूचं. धाकट्या नणंदेला कुस्तीचं वेड. मामंजी जुने पैलवान. पण आमचे हे मातीत उतरले की शिंकत सुटायचे, म्हणून त्यांनी सगळे डाव लेकीच्याच अंगात उतरवले, गोठ्यामागं. आत्याबाई कपाळ बडवायच्या, "पोरगी हाय का रेडा? कोन करून घील हिला?" वन्सं शांतपणे सांगायच्या, "जो पाडंल त्यो." गावची पोरं चोरून त्यांच्याकडून डाव शिकायची, पण जत्रेच्या फडात बाईनं पाय ठेवायचा नाही. आणि वन्संना तर तोच फड हवा होता.

एका वर्षी भावाचा शर्ट-विजार चढवून गेल्या की थेट आत! पंच हसले, "ऱ्हाऊ दे हुबी. कोन धरतंय हिचा हात?" खरंच कोणी धरेना. जिंकलं तर बाईला पाडलं म्हणून हसं, हरलं तर तोंड लपवायला गाव पुरायचं नाही. पण आमच्याकडची रीत अशी, की उभ्या गड्याला जोड मिळाली नाही तर नारळ-फेटा त्याचाच, आणि तो निकाल लागल्याशिवाय पुढची कुस्ती लागत नाही. पंच आपल्याच रितीत अडकले! फेटा घेऊन धावत आले, "घ्या बाई, अन् जावा घरी."

"न लढता फेटा? मी काय नवरदेव हाय व्हय?"

झालं! वन्सं हलेनात. हलगीवाल्याचे हात भरून आले, मोठे पैलवान लंगोट कसून कसून कंटाळले. शेवटी कर्नाटकातून आलेला एक धिप्पाड गडी उठला, माती कपाळाला लावली आणि हात पुढं करून म्हणाला, "बर्री अक्का." या ताई! कुस्ती चांगली रंगली. दोनदा त्याचे पाय मातीवरून सुटले, तेव्हा पंचांच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. मग त्यानं डाव साधला आणि वन्संची पाठ मातीला लागली.

घरी आल्या त्या पाठ न झटकताच. आत्याबाईंनी गळा काढला, "हरलीस की गं!"

"व्हय की आई," वन्संचा चेहरा नुसता फुललेला, "खरीखुरी हरले!"

पुढच्या जत्रेत पंचांनी स्वतःच बायकांची जोड पुकारली, आणि वर 'आमचीच कल्पना' म्हणून मिरवले.

समानतेवरची भाषणं मी पुष्कळ ऐकली. जिंकलेल्या लेकीचं कौतुक काय, सगळेच करतात. पण चारचौघांत, बरोबरीच्या गड्याकडून सरळ हरायचं म्हटलं तरी आधी कुणी आत घ्यायला हवं. काळ बदलला म्हणतो आपण; तो काही आपणहून बदलत नाही, कुणाला तरी मधोमध अडून उभं राहावं लागतं.

वन्सं हल्ली माझ्याकडेच असतात. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही. तू ये लवकर, शेंगांची चटणी कुटून ठेवते. लेकीलाही आण. तिचे कपडे मळतील, तेवढी तयारी ठेवून ये.