आधी टायर, मग जावई

माझ्या सासऱ्यांनी आधी माझे टायर बघितले, मग मला. टायर त्यांना आवडले नाहीत. माझ्याबद्दल त्यांनी शेवटपर्यंत स्पष्ट काही सांगितलं नाही.

मुलगी बघायला श्रीवर्धनला गेलो होतो. बरोबर आई आणि मामा. गाडी सेकंडहँड, पण आदल्या दिवशी पनवेलला धुऊन, पुसून, चारही टायरना काळं पॉलिश मारून आणलेली. स्वतःचं तोंड मी एवढं घासलं नव्हतं. सुपारीच्या वाडीत गाडी थांबली. पडवीतून खांद्यावर पंचा टाकलेले एक उंच, सडसडीत गृहस्थ खाली उतरले. हे नाना, मुलीचे वडील. मी नमस्काराला वाकणार, तेवढ्यात तेच माझ्यासमोर खाली वाकले. म्हटलं, अरे बापरे, काय हे संस्कार! पण ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते.

त्यांनी टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. नख बुडेना. मग त्यांनी काळं झालेलं बोट वर धरलं आणि म्हणाले, "तोंडाला पावडर लावून आला असतात तर समजलो असतो. टायरला कशाला लावलीत?"

आई पदरात हसली. सख्खी आई!

पोहे आले, मीनल आली. मी पगार, घर, पत्रिका असल्या प्रश्नांची उत्तरं घोकून गेलो होतो. नानांनी एकच विचारलं, "स्टेपनीत हवा आहे?"

"असेल," मी म्हटलं.

"असेल म्हणजे नाही," नाना म्हणाले आणि चहा प्यायला लागले. हे वाक्य पुढे मला जन्माचं चिकटणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आठवड्याने त्यांचा फोन आला. "मुलगी तयार आहे. टायर तयार नाहीत. बदलून या, मग बोलू." मामा भडकले. "आपण सोयरीक करतोय की गाडी पासिंगला नेतोय?" माझाही स्वाभिमान ताडकन उठून बसला. पण पोह्यांची बशी पुढे करताना मीनल हसली होती ते आठवलं आणि तो बिचारा पुन्हा आडवा झाला.

मी दुकानात जाऊन सगळ्यात रुंद टायर घेतले. "सर, काय लुक येईल गाडीला!" दुकानदार म्हणाला होता. अक्कल गहाण टाकायला मला तेवढं पुरे होतं. श्रीवर्धनला पोचलो तर नानांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "हे दुसऱ्याच गाडीचे आहेत हो! वळताना आत घासतील, पावसात पाण्यावर तरंगतील. दाराच्या आत स्टिकर आहे, त्यावर माप लिहिलंय, हवा किती भरायची तेही लिहिलंय. गाडी बनवणाऱ्याला तुमच्यापेक्षा थोडं जास्त कळतं."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "नाना, लग्न माझ्याशी लावायचंय ना? की गाडीशी?"

नाना पडवीच्या पायरीवर बसले, मलाही हाताने बसवलं.

"मीनल लहान होती," ते म्हणाले. "म्हसळ्याच्या घाटातून येत होतो, पाऊस धो धो. टायर झिजून गोटा झालेत हे मला माहीत होतं. म्हटलं, सुपारी निघाली की बदलू. वळणावर ब्रेक मारला आणि जीप गरकन फिरली. दरीकडच्या कठड्याला टेकून थांबली. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. आणि ही शेजारी टाळ्या वाजवतेय. म्हणाली, बाबा, पुन्हा!"

त्यांनी माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. "लग्नानंतर तिच्याबरोबर गाडीत मी नसणार. टायर असणार. म्हणून विचारतो."

तिसऱ्या खेपेला योग्य मापाचे टायर घालून गेलो. नानांनी बाजूवर छापलेले चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. "नुसतं नवं दिसून भागत नाही. पडून पडूनही रबर म्हातारं होतं," असं म्हणत त्यांनी माझ्या टायरची जन्मतारीख तपासली. माझी कुणीच विचारली नाही. लग्न ठरलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी मीनलला फोटोसाठी म्हणून गाडीसकट किनाऱ्यावरच्या वाळूत नेलं. गाडी रुतली. मी जोर लावला, ती आणखी रुतली. भरती चढत होती. तेवढ्यात नाना स्कूटरवरून आले. "ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आधी!" मग चारही टायरमधली निम्मी हवा त्यांनी सोडायला लावली, चाकांपुढची वाळू हातांनी उपसली आणि गाडी मुकाट्याने बाहेर आली. मी विजयी वीरासारखा रस्त्याकडे सुसाट निघालो तर नाना मागून ओरडले, "जावईबापू, हे पायताण वाळूतलं! डांबरावर असं पळवाल तर तापून फाटेल. पंपापर्यंत बैलगाडीच्या चालीने चला." ही शोभा त्यांनी गावात कुणालाही सांगितली नाही. गरजच नव्हती, निम्मं श्रीवर्धन किनाऱ्यावर उभं होतं.

लोकांचे सासरे सकाळी सकाळी मोबाइलवर सुविचार पाठवतात. आमचे दर मे महिन्यात टायरचे फोटो मागवायचे. मी एकदा आळसाने आदल्या वर्षीचेच फोटो पाठवले. पाच मिनिटांत उत्तर आलं, "मागच्या वर्षीचा चिखल ओळखतो मी." वर हेही, की हवा गाडी थंड असताना बघा, घाट उतरून आल्यावर नव्हे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सासूबाईंचा फोन आला. नानांना धाप लागली होती, डॉक्टर घरीच आले होते आणि मुलीला लगेच बोलवा म्हणाले होते. मी खाली धावत जाऊन गाडी चालू केली. मीनल गाडीत बसेचना. बघतो तर मागच्या चाकाशी उकिडवी बसलेली, पाठ पावसात भिजतेय.

"हा बसलाय. तू कधी बघितला होतास?"

"अगं, चालेल. पनवेलच्या बाहेर पडलो की भरू. बाकीचे बरे असतील."

तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. अगदी नानांसारखं. टायरमध्ये खिळा होता. स्टेपनी काढली, तिच्यात हवा होती. महिन्याच्या महिन्याला ती हवा मीनलच बघत होती, हे मला त्या दिवशी कळलं. चाक बदलण्यात अर्धा तास गेला. वाटेत ती सारखी रडत होती, पण एकदाही लवकर चल म्हणाली नाही. म्हसळ्याच्या घाटात, धो धो पावसात, एका वळणावर फक्त म्हणाली, "इथे हळू."

आम्ही पोचलो तेव्हा नाना गेले होते. थोडाच वेळ झाला होता.

मीनल उंबऱ्यातच खाली बसली. "आई, मी टायर बदलत बसले गं. तेवढ्यात पोचले असते."

सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "विचारत होते, निघाली का. म्हटलं, निघाली. मग म्हणाले, हवा बघितली का तिने? मी म्हटलं, बघितली असेल. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, असेल काय? मीनल आहे, तिने बघितलीच आहे. आणि शांत पडून राहिले."

माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. खात्री नसलेली गोष्ट नाना कधीच बोलले नाहीत.