बापू मिस्त्रींनी बसवलेले पाटे

बापू मिस्त्री कुठलाही सुटा भाग गाडीला लावण्याआधी त्याला दम द्यायचे. "बसतोयस का न्हाई? न बसून जातोयस कुठं?" फौजेत वीस वर्षं ट्रकांखाली काढून ते कोयनानगरला आले होते. मी नर्स होते त्या दवाखान्याची जुनी व्हॅन तेच चालवायचे आणि तेच दुरुस्त करायचे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. व्हॅनचे मागचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगचे पाटे, तुटले. मूळचे कुठंच मिळेनात, म्हणून पुण्याहून दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचा संच मागवला. पाटे चार बोटं लांब निघाले, भोकं जुळेनात. सोबतचा कागद मी वाचून दाखवू लागले, तर बापू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सिस्टर. कागद पुण्याचा, गाडी डोंगरातली." त्यांनी नवी भोकं पाडली, मधे लोखंडी ठोकळे घातले आणि दोन दिवस ठोकून ठोकून पाटे बसवलेच. व्हॅन मागून फूटभर उचलली गेली. पाण्याला वाकलेल्या म्हशीसारखी दिसू लागली. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

"चढाला बघा, कशी सपाट चालती," बापू म्हणाले.

ती खरंच चालली. घाटावरच्या गावात हौसाबाई अडली होती, मूल पायाळू. तिला आणायला आम्ही निघालो तेव्हा चढ कळलासुद्धा नाही. पण तिला आत निजवून उताराला लागलो, आणि पहिल्याच वळणावर हौसाबाई, गादी, तिची सासू नि मी अशा सगळ्या घसरत बापूंच्या पाठीवर आदळलो.

"आवं मिस्त्री, सून हातात ऱ्हाईना!" सासू ओरडली.

बापू उतरले. उताराकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. "उलटं जायाचं," म्हणाले.

रुंद जागा बघून त्यांनी गाडीचं तोंड डोंगराकडं केलं, मान मागं वळवली आणि रिव्हर्समध्ये घाट उतरू लागले. गादी जागची हलली नाही. वर चढणाऱ्या एका बसनं आमची पाठ बघून साईड मागायला हॉर्न दिला. ती पाठच अंगावर येतेय हे कळल्यावर ड्रायव्हरनं बस कडेला घेतली आणि हात जोडले.

"पोर उलटं, गाडी बी उलटी," सासू पुटपुटत होती. हौसाबाईला तेवढ्या कळांतही हसू फुटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला सोडवलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बापू मात्र गाडीतच बसून होते. मान मागं वळलेली, ती सरळच होईना. दोघांनी धरून उतरवलं, तेल चोळलं, शेक दिला. काही उपयोग नाही. संध्याकाळी ते मुलगी बघायला आले तेव्हा छाती खिडकीकडं आणि नजर पाळण्यात, असे उभे राहिले.

"लय गुणाची हाय," ते म्हणाले. डोळे पुसायला हात वर नेला, तो सवयीनं भलतीकडंच, कानावर गेला. दोनदा तसंच झालं. मग सासूच उठली आणि तिनं पदरानं त्यांचे डोळे पुसले.