दोन रांगांचं प्रभुभोजन

दुबईतल्या आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायला, दोन रांगा लागत. उजवीकडे पाळकांच्या हातात चांदीचा प्याला, त्यातून प्रत्येकाने द्राक्षरसाचा एकेक घोट घ्यायचा. डावीकडे ट्रेमध्ये प्लॅस्टिकचे छोटे कप. पाटी कुठेच नव्हती. पण आफ्रिकन माणसं यायला लागली तसे आमचे स्वयंसेवक त्यांना हसतमुखाने डावीकडे वळवू लागले. का म्हणून विचारलं की एकच उत्तर, "हायजिन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आमचं घराणं नगरकडचं. गावात ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, त्यांना चर्चमध्ये सगळ्यांच्या प्याल्याला ओठ लावता आले. आमच्याकडे ख्रिस्ती होणं म्हणजे हेच होतं. दर वार्षिक सभेत मी हे सांगायचे. लोक माना डोलवायचे, मग समोसे यायचे आणि विषय संपायचा.

माझी मैत्रीण युगांडाची, शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळते. उपासनेत आम्ही शेजारी बसायचो आणि प्रभुभोजनाला मीही तिच्याबरोबर डावीकडे जायचे. शेवटी ती कंटाळली. दुपारी आफ्रिकन लोकांची वेगळी उपासना असते, आता तिकडेच जाते, म्हणाली. मला ती जायला नको होती. परदेशात ओळखी छप्पन्न होतात, मैत्रीण एखादीच मिळते.

तेवढ्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळीला जाग आली. मीटिंगांवर मीटिंगा झाल्या आणि ठरलं: जाहीर क्षमा मागायची, ट्रे बंद, सगळ्यांना एकच प्याला. क्षमापत्र माझ्या नवऱ्याने लिहिलं. मी मैत्रिणीला गळ घातली, "जस्ट वन संडे. प्लीज."

"यल्ला, वन संडे," ती म्हणाली. यल्ला म्हणजे चल, इथे सगळ्यांच्याच तोंडी.

त्या रविवारी क्षमापत्र वाचताना नवऱ्याचा आवाज भरून आला. ते खोटं नव्हतं. पाळकांनी आफ्रिकन भावाबहिणींना मानाने आधी बोलावलं. मैत्रीण गेली, घोट घेतला, परत येऊन डोळे मिटून बसली. मग आमची जुनी भारतीय कुटुंबं उठली. जरा वेळाने शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने ओढणी ओढली.

"मम्मा, लुक. दे आर ऑल डिपिंग."

जो तो भाकरीचा तुकडा प्याल्यात बुडवून तोंडात टाकत होता. ओठ कुणीच लावत नव्हतं. कुणी ठरवलं नसेल. पहिल्याने केलं, दुसऱ्याने पाहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रांगेत माझा नवरा होता. त्यानेही बुडवला.

मी गेले, प्याल्याला ओठ लावून घोट घेतला आणि जागेवर आले. मैत्रिणीचे डोळे आता उघडे होते.

पार्किंगमध्ये तिने माझ्या नवऱ्याशी हात मिळवला. "यू रीड व्हेरी वेल, ब्रदर."

डिस्कव्हरी गार्डन्सला घरी पोचेपर्यंत नवरा सांगत राहिला, "अगं, पुढच्याने केलं म्हणून माझाही हात तसाच गेला. मुद्दाम नाही गं." मला ते पटलंही. म्हणूनच भांडायला अंगात त्राण उरलं नाही.

ती दुपारच्या उपासनेला जायला लागली. मी तिला फोन केला, म्हटलं, मीही येते तुझ्याबरोबर, या लोकांचा मलाही वीट आलाय.  ती अगदी मायेने म्हणाली, "नो, सिस्टर. देअर, आय वॉन्ट टु रेस्ट."