राख टाकलेला नमुना

मी डॉक्टर न्हाई, सूक्ष्मदर्शकाखाली काच बघणारा माणूस. जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेत जंतांची अंडी शोधायची, हे माझं काम. गुलबर्ग्याला शिकताना सरांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती: आधी काच, मग औषध. ती अंगात इतकी भिनली की बायको म्हणायची, "तुमच्यापुढं देव आला तरी त्याचा बी नमुना मागाल."

एकदा संतपूरकडून मेंढरं राखणारी एक बाई आली, माझ्या आईच्या वयाची. तिच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. तीन मेली होती आणि उरलेल्या दोघांच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. ही कुत्री लांडग्यापुढं एकटी उभी राहते, तिचा वंश टिकला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. मी कुत्रीच्या विष्ठेचा नमुना मागितला; तो लागतो हे तिला गावात कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तिनं पदराची गाठ सोडून पुडी काढली. उघडली तर नुसती राख.

"अक्का, चुलीतली राख कामून आणली?"

"राखंखाली हाय की. राख टाकल्याबिगर घाण उचलत्यात व्हय? तुमच्या टेबलावर तशीच ठिवू का?"

वास येऊ नये म्हणून तिनं ते उन्हात वाळवलंही होतं. तिच्या परीनं तिनं माझा मानच राखला होता, मला मात्र संताप आला. तरी मिठाच्या पाण्यात कालवून बघितलं. त्या पाण्यात जंतांची अंडी वर तरंगून येतात. इथं आली ती राख.

"उद्या ताजं आणा," म्हणून तिला वाटेला लावलं. डॉक्टर लसी टोचायला गावोगाव फिरत होते. जंताचं औषध कपाटात होतं आणि किल्ली माझ्याच खिशात.

दुसऱ्या दिवशी ती कुत्रीलाच घेऊन चालत आली. डोक्यावरच्या पाटीत दोन्ही पिल्लं. पण परक्या अंगणात कुत्री काही केल्या घाण करायला बसेना. अक्का लिंबाखाली वाट बघत राहिली, मी आत. मधी एकदा दारात येऊन म्हणाली, "पिल्लान्ला थेंबभर औषध देता का?"

"आधी बघू तरी काय हाय ते," मी म्हणालो.

दुपार कलल्यावर कुत्रीनं एकदाचं काम उरकलं. काच लावली तर अंडीच अंडी. लांबट, पातळ कवचाची. रक्त पिणारे अंकुशकृमी, आईच्या दुधातून पिल्लांत उतरणारे. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. मी अक्काला बोलावून दाखवलं. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"ह्येच्यानं मरायलीत व्हय?"

"व्हय."

"आन् औषध?"

"कपाटात हाय."

"काल बी कपाटातच होतं?"

मी व्हय म्हणालो. वरातीमागून घोडं काढावं तसं मी औषध काढलं आणि लिंबाखाली गेलो. पाटीत दोन्ही पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. एकाला पाजलं, त्यानं जीभ चाटली. दुसऱ्याच्या तोंडाशी नळी नेली तशी अक्कानं माझा हात धरला.

"त्येला ऱ्हाऊ द्या साहेब. ते मगाशीच गेलं. तुम्ही काच बघायलाव म्हणून मी हाक मारली न्हाई."