शेवईच्या हाताने नातीचं प्रॅक्टिकल जमलं

मंडळी, चौथी शिकलेल्या या आजीने आज अकरावीचं प्रॅक्टिकल केलं! मी सांगतेय, नात टाइप करतेय आणि हसतेय.

उद्या तिची घर्षणाची परीक्षा. सरांकडून मागून आणलेला स्प्रिंगचा वजनकाटा लाकडी ठोकळ्याला अडकवून टेबलावर ओढायचा आणि आकडा लिहायचा. दर वेळी आकडा निराळा! पोरगी रडकुंडीला आली.

म्हटलं, "अगं, हिसका मारतेस तू. शेवई ओढतो तसं ओढ." सिन्नरला सासूबाईंनी मला असंच शिकवलं होतं. केवढी लांब शेवई यायची माझी! असो.

मीच सावकाश ओढलं. काटा चढत आठवर गेला, ठोकळा हलला आणि काटा सहावर उतरून तिथंच राहिला. तीनदा तेच!

"आज्जी, हलेपर्यंत जास्त जोर, हलल्यावर कमी. हेच तर दाखवायचं होतं!"

"धान्याची कोठी सरकवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारायचं की मग!"

नंतर तिनं स्वतः ओढलं. आठ, सहा. पुन्हा आठ, सहा. दोघी नाचलो.

बायांनो, अजून हातानं शेवया करता ना? पोरींना शिकवा, परीक्षेत कामी येतात!